कानामागचा कौल

कोकणात आणि गोमंतकात पुष्कळ देवळांतून आजही कौल लावण्याची चाल आहे. ओल्या केलेल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर चिकटवायच्या, मनातला प्रश्न देवापुढे मांडायचा, आणि उजवीकडची पाकळी आधी गळते की डावीकडची हे पाहत हात जोडून उभे राहायचे, एवढाच तो विधी. या चालीला हसणाऱ्या सुशिक्षित मंडळींनी स्वतःसाठी मात्र असाच एक विधी पत्करला आहे. नवा कलप, नवे क्रीम किंवा नवी लाली घरात आली की तिचा एक ठिपका कानामागे नाहीतर कोपराच्या खळगीत लावायचा, एक रात्र जाऊ द्यायची, आणि सकाळी कातडी लाल दिसली नाही तर वस्तू आपल्याला मानवते असा निर्वाळा देऊन ती निःशंकपणे वापरू लागायचे. याला पॅच टेस्ट म्हणतात. आणि चेहरा सुजलेल्या माणसाला जेव्हा कोणी ‘पॅच टेस्ट केली होती ना?’ असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नात सांत्वन थोडे आणि उलटतपासणी फार असते.

या लेखाचे प्रतिपाद्य असे आहे. ही घरगुती परीक्षा दोष दाखवते तेव्हा तिचे ऐकावे. परंतु ती काहीच दाखवत नाही तेव्हा तिच्या मौनाचा अर्थ ‘भय नाही’ असा लावण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. शिवाय, त्वचेची खरी राखण एकट्यादुकट्याच्या कोपरावरील ठिपक्याने होत नाही. अनेकांच्या त्वचेला आलेला अनुभव जाणकारांच्या दप्तरी नोंदला जातो आणि त्या नोंदींतून निर्बंध घडतो, तेव्हा ती होते. ‘पॅच टेस्ट करा म्हणजे झाले’ हा सर्वमान्य उपदेश या दोन्ही गोष्टी झाकून टाकतो, म्हणून तो उथळ आहे.

१. एकाच नावाच्या दोन परीक्षा

पहिला घोटाळा नावाचा आहे. ब्रेस्लाऊ येथील त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ साली ग्रात्स येथे भरलेल्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत जी परीक्षा मांडली, तिचा विषय पाऱ्याची औषधे लागून कातडीवर उठलेला विकार हा होता. अंगावर पुरळ तर उठले आहे, ते कोणत्या द्रव्यामुळे, असा तो प्रश्न होता. आणि संशयित द्रव्याचा थोडा अंश निरोगी कातडीवर बांधून ठेवून, तेथे तोच विकार लहान प्रमाणावर उमटतो की काय हे पाहणे, हे त्याचे उत्तर होते. आजही रुग्णालयात जी पॅच टेस्ट होते तिचे स्वरूप मुळात तेच आहे. रुग्णाच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या बारीक वाट्यांच्या रांगा चिकटवतात, प्रत्येक वाटीत ठरीव मात्रेत सौम्य केलेले एकेक द्रव्य असते, ४८ तास पाठीला पाणी लागू द्यायचे नसते, मग पट्ट्या काढून पहिली पाहणी, साधारण चौथ्या दिवशी दुसरी, आणि गरज वाटल्यास सातव्या दिवशी तिसरी. प्रत्येक खुणेपुढे शंकास्पद, एक अधिक, दोन अधिक किंवा तीन अधिक असा शेरा पडतो, आणि जी लाली केवळ चुरचुरीची आहे ती खऱ्या ॲलर्जीपासून निवडून बाजूला काढावी लागते. हे काम डोळा तयार झालेल्या माणसाचेच आहे.

या परीक्षेचे मोल तिच्या अनपेक्षित उत्तरांत आहे. तोंडावर आणि मानेवर चट्टे उठलेली व्यक्ती आपल्या क्रीमला दोष देत येते, आणि पाठीवरची खूण गाजरगवताच्या वाटीखाली उमटते. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्याजवळ प्रथम नजरेस आलेले हे परदेशी तण वाऱ्यावरून कातडीला डसते, आणि म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी आपल्या प्रमाणित द्रव्यमालिकेत त्याला जागा दिली आहे. अशा वेळी क्रीम निर्दोष सुटते आणि खरा आरोपी सापडतो.

ही परीक्षा घडून गेलेल्या गोष्टीचा पंचनामा आहे. घरी कानामागे ठिपका लावणारा मनुष्य मात्र पुढे काय घडेल हे विचारत असतो. पंचनामा आणि भविष्यकथन यांना एकच नाव पडले, आणि पहिल्याची शास्त्रीय प्रतिष्ठा दुसऱ्याच्या पदरात अनायासे पडली.

२. क्षोभ निराळा, ॲलर्जी निराळी

दुसरा घोटाळा विकारांचा आहे. कातडीचा क्षोभ ही मात्रेची बाब असते; आम्ल तीव्र असेल, साबण क्षारयुक्त असेल, तर तो कमीअधिक प्रमाणात कोणालाही झोंबेल, आणि पातळ केला तर झोंबणार नाही. ॲलर्जी, जिला आपल्या परिभाषाकारांनी ‘अधिहर्षता’ असे भारदस्त नाव दिले आहे, ती स्मरणाची बाब आहे. एखादे द्रव्य कातडीत शिरून तेथील प्रथिनांशी जडते, शरीराच्या संरक्षक पेशी त्याची ओळख पटवून ठेवतात, या ओळखीला साधारण दहा-चौदा दिवस लागतात, आणि तोवर कातडीवर काहीही दिसत नाही. पुढे केव्हाही त्या द्रव्याचा अल्पसा अंश पुन्हा आला की जुनी ओळख जागी होते आणि तिचे रूपांतर खाज, सूज, फोड आणि स्रावात होते.

हा भेद मराठी घरांना बिब्ब्याने फार पूर्वी शिकवला होता. बिब्ब्याचा चीक जहाल असल्यामुळे तो जेथे लागेल तेथे कोणालाही पोळतो. पण एखाद्याला तो ‘उततो’, म्हणजे लागला असेल बोटभर जागेला आणि फुलून येते सारे अंग. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर नेमक्या धोब्याच्या खुणेखाली चट्टे उठू लागले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ साली त्याचा छडा लावला तो कपड्यांवर बिब्ब्याने घातलेल्या खुणांपर्यंत जाऊन पोचला. पोळणे आणि उतणे यांसाठी ज्या भाषेने दोन क्रियापदे राखून ठेवली, त्या भाषेच्या लोकांना हा भेद नव्याने समजावून द्यावा लागू नये.

या भेदातून एक निष्कर्ष अटळपणे निघतो. जे द्रव्य आपल्या शरीराने पूर्वी कधी पाहिलेच नाही, त्याच्याबद्दल शरीराजवळ स्मरण नाही. आणि जेथे स्मरण नाही तेथे ॲलर्जीची परीक्षा कशाची घेणार? सर्वस्वी नव्या वस्तूची पहिली घरगुती परीक्षा फार तर क्षोभ दाखवील. ॲलर्जीच्या बाबतीत ती साक्षीदाराला अशा घटनेविषयी विचारते की जी अद्याप घडलेलीच नाही, आणि तो ‘मला काही ठाऊक नाही’ म्हणाला की आपण आरोपीला निर्दोष ठरवून मोकळे होतो.

३. चोवीस तासांची मुदत

समजा, स्मरण पूर्वीच तयार झालेले आहे. तरीही उत्तर यायला वेळ लागतो. ॲलर्जीची ही जात विलंबाने प्रकट होणारी आहे. तिची खूण पुष्कळदा दुसऱ्या दिवशी अंधुक आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठळक होते, आणि काही धातू, प्रतिजैविके व स्टेरॉइड औषधे यांच्या बाबतीत तर आठवड्याने. रुग्णालयात चौथ्या दिवशीची पाहणी सोडता येत नाही ती याच कारणाने. घरगुती परीक्षेची रूढ मुदत मात्र २४ तासांची आहे. विवाहाच्या आदल्या दिवशी कलप कानामागे लावून पाहावा, सकाळी जागा स्वच्छ दिसावी, दुपारी डोके रंगवावे, आणि मंगलाष्टकांच्या वेळी पापण्या सुजून डोळे मिटावेत, यात परीक्षेने खोटे सांगितले असे काही नसते. तिला बोलायला अवसर देण्यापूर्वीच तिचा जबाब पुरा झाला असे आपण ठरवलेले असते. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण या विकाराला अक्षरशः लागू पडते.

आणि काही हानी अशी असते की तिला ना क्षोभ म्हणता येते ना ॲलर्जी. टिकलीच्या मागील चिकट द्रव्यात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलसारखी रसायने असली, तर कपाळावरील रंगपेशी हळूहळू मरतात आणि कित्येक महिन्यांनी टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उरतो. पुष्कळदा त्याआधी साधी खाजसुद्धा आलेली नसते. त्याची चाहूल एका रात्रीच्या परीक्षेला कशी लागावी?

४. जागा, वापर आणि जुनी होत जाणारी बाटली

चौथी अडचण ही की परीक्षा एका ठिकाणी होते आणि भोग दुसऱ्या ठिकाणी. पापणीची कातडी साऱ्या शरीरात सर्वांत पातळ. कोपराच्या खळगीने जे सहन केले ते पापणी सहन करीलच असे नाही. नखांना लावलेल्या रंगाची ॲलर्जी नखाभोवती न दिसता पापण्यांवर आणि मानेवर दिसते, कारण बोटे दिवसभर तेथे फिरत असतात. आणि कलपाची ॲलर्जी टाळूपेक्षा कपाळ, कान आणि डोळ्यांभोवती अधिक उमटते. साबण-शाम्पूसारखी धुऊन टाकायची वस्तू कातडीवर तशीच ठेवली तर ती बहुतेकांना चुरचुरेल आणि निष्कारण बदनाम होईल. उलट, रोज सकाळ-संध्याकाळ चोळायचे क्रीम एकदाच लावून पाहिले तर सहा आठवड्यांच्या वापराने होणारा परिणाम त्यात कोठून दिसणार?

शिवाय बाटलीही एकच राहत नाही. लव्हेंडरादी सुगंधांतील लिनालूल आणि लिंबूवर्गीय सुगंधांतील लिमोनीन ही द्रव्ये ताजी असता बहुधा सौम्य असतात. हवेच्या संसर्गाने त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन जी हायड्रोपेरॉक्साइडे बनतात ती ॲलर्जी उत्पन्न करण्यात कितीतरी प्रबळ. नव्या बाटलीने उत्तीर्ण केलेली परीक्षा झाकण सैल राहिलेल्या आणि सहा महिने न्हाणीघरात उभ्या असलेल्या बाटलीला लागू कशी व्हावी? परीक्षा एका दिवसाची, एका जागेची आणि एका बाटलीची असते. निर्वाळा मात्र आपण कायमचा घेतो.

५. इशाऱ्याची वंशावळ

इतकी अपुरी मुदत आली तरी कोठून? कलपाच्या खोक्यातली घडी केलेली चिठ्ठी उलगडून, दिव्याजवळ धरून, ती मुंगीएवढी अक्षरे एकदा वाचावीत. कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची जागा साबणाने धुऊन घ्या, तयार केलेला कलप थोडा लावा, वाळू द्या, २४ तासांनी हलकेच धुवा, दाह दिसला नाही तर अतिसंवेदनशीलता नाही असे समजण्यास हरकत नाही. मात्र प्रत्येक वापरापूर्वी परीक्षा पुन्हा करा, आणि भुवया-पापण्यांना हा कलप कदापि लावू नका, अंधत्व येईल. ही कारखानदाराची आपखुषीची सूचना नव्हे. १९४० च्या औषधविषयक अधिनियमात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला, आणि त्याखालील नियमांनी कलपासाठी हा इशारा व ही रीत इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत छापण्याचे बंधन घातले.

या मजकुराचे मूळ अमेरिकेत सापडते. १९३० च्या दशकात तेथे ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्या-भुवयांचा रंग विकला जाई. त्यात पॅराफेनिलीनडायअमीन हे द्रव्य होते, आणि त्याने स्त्रियांचे डोळे गेल्याची प्रकरणे गाजली. त्यानंतर १९३८ साली जो कायदा झाला त्याने पापण्यांच्या रंगाला सवलत नाकारली. पण डांबरापासून काढलेल्या केसांच्या रंगांना, वेष्टणावर हा इशारा आणि सोबत प्राथमिक परीक्षेची रीत छापली असल्यास, अपायकारक द्रव्याच्या कलमातून मुभा दिली. म्हणजे कायद्याच्या दप्तरात ही परीक्षा अवतरली ती सवलतीची किंमत म्हणून. विक्रेत्याने एक वाक्य छापायचे आणि त्याच्या मोबदल्यात जोखीम ग्राहकाच्या कानामागे सरकवायची, असा तो तह होता. ग्राहकाने परीक्षा केली नाही तर दोष त्याचा, केली आणि ती फसली तरी ‘समजण्यास हरकत नाही’ एवढेच तर म्हटले होते.

कसोटीचे ओझे कोणाच्या कातडीने वाहायचे, हा प्रश्न या इतिहासात वारंवार उभा राहतो. १९४४ साली शास्त्रज्ञ ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सशांच्या डोळ्यांवर व कातडीवर ठेवले. १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात त्वचारोगतज्ज्ञ ॲल्बर्ट क्लिगमन यांच्या देखरेखीखाली ते कैद्यांच्या पाठीवर आले. पुढे कैद्यांवरील असे प्रयोग निषिद्ध ठरले, आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर होणाऱ्या चाचण्या भारताने २०१४ साली बंद केल्या, हे दोन्ही योग्यच झाले. परंतु कसोटीचा जो भाग शेवटी उरतो तो ग्राहकाच्या पाठीवर सरकला, आणि त्याला मात्र आपण ‘काळजी घेणे’ असे गोड नाव दिले.

६. दप्तराची साक्ष

घरगुती परीक्षा जे करू शकत नाही ते कोण करू शकते, याचा दाखला अलीकडचाच आहे. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे पाणीदार प्रसाधने टिकवणारे द्रव्य. युरोपात २००५ साली त्याला दहा लाखांत शंभर भागांपर्यंत स्वतंत्र वापराची परवानगी मिळाली, आणि ते क्रीमांत, शाम्पूंत व ओल्या पुसण्यांत सर्वत्र शिरले. ही क्रीमे ज्यांनी आधी कोपरावर लावून पाहिली असतील त्यांना त्या ठिपक्याने काही कळवले नाही, कारण प्रत्येकाचा ठिपका त्याच्यापुरता होता. कळवले ते रुग्णालयांच्या पॅच टेस्टच्या नोंदवह्यांनी: एका द्रव्यापुढील ‘अधिक’ खुणा दरसाल वाढत आहेत हे निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांना आपापली दप्तरे ताडून पाहताच दिसले. अमेरिकन तज्ज्ञसंघाने २०१३ साली त्या द्रव्याला ‘वर्षाचे ॲलर्जीजनक’ ठरवले. आणि युरोपने कातडीवर ठेवायच्या प्रसाधनांत ते २०१७ पासून बंद केले, धुऊन टाकायच्या प्रसाधनांत २०१८ पासून दहा लाखांत पंधरा भागांवर आणले.

एका पाठीवरची खूण ही एका रुग्णाची हकीकत असते. हजार पाठींवरच्या खुणा एकत्र लिहिल्या की ती समाजाची साक्ष होते, आणि साक्ष झाली तरच निर्बंध घडतो.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की, काहीच न करण्यापेक्षा अपुरी परीक्षा बरी. तीत नुकसान काय? उत्तर असे की, ज्याला पूर्वी ॲलर्जी जडलेली आहे त्याला ती कित्येकदा वाचवते, म्हणून ती सोडा असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्यात नुकसानच नाही हे खरे नाही. कलपातील द्रव्य वारंवार कातडीवर लावणे हाच शरीराला त्याची ओळख करून देण्याचा एक मार्ग आहे. युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने २००७ साली कलपाच्या घरगुती परीक्षेबद्दल हेच दोन धोके दाखवले: खोटा दिलासा, आणि परीक्षेनेच ॲलर्जी जडण्याची शक्यता.

दुसरा आक्षेप नैसर्गिकतेचा. वनस्पतींपासून केलेल्या वस्तूंना कसली परीक्षा? बिब्बा वनस्पतीच आहे, गाजरगवतही वनस्पतीच आहे, आणि राळ व हळद यांचीही ॲलर्जी नोंदलेली आहे. शुद्ध मेंदी लालसर-तांबूस रंगते आणि क्वचितच कोणाला बाधते. ‘काळी मेंदी’ म्हणून जे पुडीतून येते त्यात बहुधा कलपातलेच पॅराफेनिलीनडायअमीन असते, आणि लहानपणी तिने हातावर काढलेले नक्षीकाम पुढे तारुण्यात पहिल्या कलपाच्या वेळी सुजेच्या रूपाने परत येऊ शकते.

तिसरा आक्षेप असा की, ‘हायपोॲलर्जेनिक’ असे लिहिलेलीच वस्तू घ्यावी. अमेरिकन औषध प्रशासनाने १९७५ साली या शब्दाला पुराव्याची अट घालू पाहिली. दोन प्रसाधन कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि १९७७ साली तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तेथे हा शब्द विक्रेता ज्या अर्थाने वापरील त्याच अर्थाचा आहे. ज्या शब्दाची व्याख्या कोणी करू शकत नाही त्यावर भिस्त ठेवणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवणे होय.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रत्येकाची कातडी भिन्न, मग कारखानदाराला जबाबदार कसे धरावे? भिन्नता मान्य आहे. परंतु शेंगदाण्याची ॲलर्जी थोड्यांनाच असते म्हणून खाद्याच्या वेष्टणावरून शेंगदाण्याचे नाव गाळले तर ते कोणी मान्य करील काय? भिन्नता जितकी अधिक तितके नाव सांगण्याचे कर्तव्य मोठे. रुग्णालयात महत्प्रयासाने ज्याला आपला वैरी कळला, त्याने तो बाटलीवर शोधावा आणि तेथे ‘परफ्यूम’ या एका शब्दामागे डझनावारी द्रव्ये दडलेली असावीत, यात त्याच्या कातडीच्या भिन्नतेचा काय अपराध?

८. मग करावे काय?

घरगुती परीक्षा करावयाचीच तर ती प्रत्यक्ष वापराशी जुळती करावी. ठेवून द्यायचे क्रीम असल्यास हाताच्या आतल्या बाजूस एकाच ठरीव जागी दिवसातून दोनदा, निदान सात दिवस आणि शक्य तर चौदा, लावत जावे. तज्ज्ञही संशयित क्रीमाची खातरजमा अशाच पुनरावृत्तीने करतात. कलपाला ही रीत लावू नये. ज्याला पूर्वी कलपाने किंवा काळ्या मेंदीने खाज आली असेल त्याने पुन्हा ठिपका लावून दैव अजमावण्यापेक्षा सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. आणि डाग पडला, सूज आली, तर बाटली फेकून न देता वेष्टणासह जपून ठेवावी. पंचनाम्याला मुद्देमाल लागतो.

सरकारकडून अपेक्षा तीन. इशारा स्थानिक भाषेत छापण्याचा नियम आहेच, तो वाचता येईल अशा अक्षरांत पाळला जावा आणि त्यातली २४ तासांची हमी काढून टाकावी. सुगंधातील ज्ञात ॲलर्जीजनक द्रव्यांची नावे निराळी छापली जावीत. युरोपने २००३ साली अशा २६ द्रव्यांपासून आरंभ केला आणि २०२३ साली ती यादी पुष्कळ वाढवली. आणि प्रसाधनांमुळे झालेल्या विकारांची फिर्याद कोठे द्यावी हे तालुक्याच्या गावातील माणसालाही ठाऊक असेल, व त्या फिर्यादी एका दप्तरी जमा होऊन दरसाल प्रसिद्ध होतील, अशी तजवीज व्हावी.

आपल्या जुन्या दप्तरांत ‘कौल’ शब्दाला दुसराही अर्थ आहे. ओस पडलेल्या गावात रयत परत यावी म्हणून सरकार तिला जे अभयपत्र देई तोही कौलच. त्यावर शिक्का असे, शर्ती असत, आणि त्या मोडल्या तर दाद मागता येई. कानामागे ठिपका लावणारा ग्राहक पहिल्या अर्थाचा कौल लावतो आणि दुसऱ्या अर्थाचा कौल मिळाला असे समजून चालतो. पाकळी पडली तरी ती अभयपत्र होत नाही. अभय देणे हे ज्याच्या हाती शिक्का आहे त्याचे काम; रयतेने आपल्याच कातडीवर ते लिहून घ्यावे, असा रिवाज त्या दप्तरांत तरी कोठे आढळत नाही.